मिरीचं अंडं आणि गार डबा

एवढीशी मुंगी. नाव तिचं मिरी. घटकाभर बसेल तर शपथ! सारखी आपली तुरुतुरु, तुरुतुरु.

खिडकीत होता एक डबा. नेटचा डबा. हिरवे दिवे लुकलुक, लुकलुक. डब्याखाली छान ऊब. तिथे मिरीनं ठेवलं होतं आपलं अंडं. मोहरीहून बारीक, साखरेसारखं पांढरं.

एके सकाळी काय झालं? दिवे गेले! लुकलुक बंद. डबा गार. अंडंही गार!

"अगं बाई गं! माझं पिल्लू!" मिरी घाबरली. पण मुंगीच ती, रडत बसते होय? चढली डब्यावर.

"डब्या, डब्या, ताप ना!
अंडं माझं उबेना!"

डब्यानं दिली जांभई. "तारेतून निरोप येतात. मी ते घरभर वाटतो. वाटून वाटून तापतो. आज निरोपच नाहीत! आधी तारेला निरोप देऊ दे, मग मी तापतो."

निघाली मिरी. तुरुतुरु, तुरुतुरु. खांबावर तार लोंबत होती.

"तारे, तारे, निरोप दे ना!
डबा काही तापेना,
अंडं माझं उबेना!"

तार म्हणाली, "माझ्यातून मामाचा फोटो धावतो. दवाखान्याचा निरोप धावतो. लबाडांच्या थापाही धावतात, काय करू! पण माकडानं घेतला झोका आणि मी तुटले. सगळ्या गल्लीचं अडलं बघ. आधी केबलवाल्या चाचांना शिडी उचलू दे, मग मी निरोप देते."

निघाली मिरी. तुरुतुरु, तुरुतुरु. टपरीवर बसले होते केबलवाले गफूरचाचा. चहा पीत होते. सुर्रर्र, सुर्रर्र.

"चाचा, चाचा, शिडी उचला ना!
तार निरोप देईना,
डबा काही तापेना,
अंडं माझं उबेना!"

चाचा म्हणाले, "उचलली असती गं बेटा. पण चिठ्ठीशिवाय उचलली, तर ऑफिसातल्या बाई रागावतात. आधी बाईंची चिठ्ठी येऊ दे, मग मी शिडी उचलतो."

निघाली मिरी. तुरुतुरु, तुरुतुरु. ऑफिसात होत्या मंदाकिनीबाई. कॉम्प्युटरवर टकटक, टकटक.

"बाई, बाई, चिठ्ठी द्या ना!
चाचा शिडी उचलेनात,
तार निरोप देईना,
डबा काही तापेना,
अंडं माझं उबेना!"

बाईंनी मान वर केली नाही. "तक्रार कुठे आहे? तक्रार नेटवरून येते. तुमच्या गल्लीतून एकही आली नाही. म्हणजे तिथे सगळं छान! आधी डब्यातून तक्रार येऊ दे, मग मी चिठ्ठी देते."

"अहो, पण डबाच बंद आहे!"

"मग चालू झाला की कळव." टकटक, टकटक.

मिरी धावली परत डब्याकडे. डबा काय म्हणाला? "आधी तारेला निरोप देऊ दे, मग मी तापतो."

ऐकलंत? आता काय म्हणावं यांना! डब्यापासून निघा आणि डब्यापाशीच या!

अंडं आणखी गार झालं. मिरीला रडूच आलं. मग तिनं सहाही पाय आपटले. "नेट नाही तर नाही. आम्ही चालत जाऊ!"

तिनं बहिणीच्या मिशीला मिशी लावली. हळूच सांगितलं,

"बाई चिठ्ठी देईनात,
चाचा शिडी उचलेनात,
तार निरोप देईना,
डबा काही तापेना,
अंडं माझं उबेना!"

बहिणीनं सांगितलं दुसरीला. दुसरीनं तिसरीला. तिसरीनं सगळ्यांना! निघाली रांग. खिडकीतून खांबाकडे. खांबावरून टपरीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु!

मध्येच सायकल आली. सर्रर्र! रांग तुटली. कुणाला लागलं नाही हं. थांबल्या का मुंग्या? छे! काही इकडून वळल्या, काही तिकडून वळल्या. जोडली पुन्हा रांग! पोचली थेट बाईंच्या टेबलावर.

टकटक थांबली. "अगंबाई! एवढ्या मुंग्या आल्या कुठून?"

बाई उठल्या. रांग धरून चालत निघाल्या. टपरी आली. खांब आला. वर बघतात तो तुटकी तार. खिडकी आली. खाली बघतात तो गार डबा, आणि एवढंसं अंडं.

बाईंनी जीभ चावली. "बंद डब्यातून तक्रार येणार तरी कशी? चुकलंच माझं!"

मग काय!

बाईंनी चिठ्ठी दिली.
चाचांनी शिडी उचलली.
तारेनं निरोप दिले.
डबा तापला. लुकलुक, लुकलुक!
अंडं? अंडं उबलं!

चाचांनी खांबावरून दुसरी तारही ओढली. म्हणाले, "एक तुटली तर दुसरी आहे. तुमच्याकडूनच शिकलो, बेटा!"

मिरीनं अंड्याला मिशी लावली. आतून वळवळ, वळवळ!

मग मिरी अंड्याजवळ बसली. खरंच सांगते, चांगली घटकाभर बसली.