वेशीवरचा म्हाळोबा

फार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा साळवण हे कोष्ट्यांचं गाव होतं आणि दिवसभर गावात मागांची खटखट चालायची. मग ओळीने तीन वर्षं पाऊस पडला नाही. लुगडी घ्यायला कोणी येईना, चुली पेटेनात. तेव्हा बऱ्या घरांनी मिळून वेशीजवळ ज्वारीची एक कणगी भरली आणि वाटपाचं काम म्हाळोबा तांबटाकडे दिलं.

म्हाळोबा शहाणा माणूस. कोष्टी उपाशी राहतील पण हात पसरणार नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो रोज सकाळी वेशीवर चढायचा आणि ज्या घरातून धूर निघत नसेल, त्या उंबऱ्यावर शेरभर ज्वारी ठेवून मुकाट निघून यायचा. कोणाला मागावं लागत नसे. केसाएवढा धूरही त्याला दिसायचा, असं म्हणतात.

गल्लीच्या टोकाला ठमाबाई कोष्टीण एकटी राहायची. कणगी तळाला गेली तरी तिच्या घरातून रोज धूर निघायचा. एक तरी घर तगलंय, म्हणून म्हाळोबाला बरं वाटायचं. पण एका सकाळी त्याच्या ध्यानात आलं, की तिथे धूर आहे आणि मागाची खटखट मात्र नाही. तो धावत गेला. चुलीवर नुसतं पाणी उकळत होतं आणि चुलीत मागाचं शेवटचं लाकूड जळत होतं.

"अगं, धूर कशाला करत बसलीस?" त्याने विचारलं.

"शेजारी लेकरं हायती, दादा," ती भिंतीला टेकून म्हणाली. "माझ्या उंबऱ्यावर ठिवलं असतंस, तर त्यांचं कमी झालं असतं."

दिवस मावळायच्या आत ती गेली.

तिची चूल विझली, पण त्या घरावरचा धूर बारा दिवस हलला नाही, असं म्हणतात. म्हाळोबा पुन्हा कधी वेशीवर चढला नाही. "मी वरनं बघत बसलो," एवढंच तो सांगायचा. मरेपर्यंत तो दारोदार हिंडला. आत जायचा, "काय शिजलंय?" विचारायचा आणि उत्तर काहीही येवो, स्वतः भांड्यावरचं झाकण उचलायचा. त्याचा हात लागला की रिकाम्या भांड्यातही मूठभर ज्वारी निघायची, असं म्हणतात.

आजही पौषातल्या पहिल्या मंगळवारी साळवणची माणसं शेजारच्या घरी जातात, "काय शिजलंय?" विचारतात आणि झाकण उचलून बघतात. निदान रिवाज तसा आहे. गेल्या साली मीही गेलो होतो. शेजारणीचा माग केव्हाच बंद पडलाय. ती दारातच हसून म्हणाली, "सगळं आहे की." मला आत शिरायचा संकोच वाटला आणि मी झाकण न उचलताच परत आलो.