झाकलेले आकडे

“पण एका बाईसाठी वीस मिनिटं, सिस्टर?”

केतकीनं न राहवून विचारलं. नर्सिंगची पदवी, वर सुवर्णपदक. घरीच राहून उपचार घेणाऱ्या पेशंटना फोनवरून सांभाळायच्या, हॉस्पिटलमधल्या या खोलीत ती रुजू झाली, त्याला उणेपुरे तीन दिवस झाले होते.

रूथसिस्टर चष्मा पुसत राहिल्या. तीस वर्षं वॉर्डात उभी राहिलेली बाई.

पडद्यावर साठ किलोमीटरवरच्या डोंगरातल्या हिराआत्या होत्या. हृदय थकलेलं. वर्षात तीनदा ॲडमिट. शेजारी त्यांचे मालक, दगडूमामा. रोज वजन करून आकडा सांगायचं काम त्यांचं.

“ऑक्सिजन पंचाण्णव. वजन कालचंच, बावन्न,” केतकी म्हणाली. “सगळं ठीक. पुढचा पेशंट घेऊ?”

रूथसिस्टरांनी पडद्याच्या कडेवर तळहात ठेवला. आकडे झाकले गेले.

“आता बघ.”

“आता काय डोंबल दिसणार?”

रूथसिस्टरांनी हात काढला नाही.

केतकी चिडली. मग बघू लागली. भिंतीला टेकलेली म्हातारी. ठसठशीत कुंकू. हिरव्या बांगड्या. लांब केलेले पाय…

“जोडवी नाहीत,” ती पुटपुटली. “पण मामा तर शेजारीच बसलेत!”

रूथसिस्टर पुढं झुकल्या. “आत्या, जोडवी कुठं गेली हो?”

“साबण लावून काढली, बाई. बोटांत रुतत व्हती.”

“मामा, पायावर अंगठा दाबा बरं.”

मामांनी दाबला. उचलला. खड्डा तसाच राहिला. साठ किलोमीटरवरून केतकीला तो लख्ख दिसला.

“खरं वजन किती, मामा?”

मामांनी मान खाली घातली.

“पंचावन्न. जुनंच सांगत व्हतो. म्हटलं, परत नेतील हिला… मागं अठरा दिस घरात एकटाच व्हतो मी.”

“खरं सांगाल, तरच ती घरी राहील.”

डॉक्टरांना फोन गेला. अंगात साठलेलं पाणी उतरायला लघवीची गोळी वाढली. सकाळ-संध्याकाळ मामा वजनकाटा फोनसमोर ठेवू लागले, आणि केतकी दोघांना डोळ्यांत तेल घालून बघू लागली. पाचव्या दिवशी वजन बावन्न. आत्या चुलीपुढं बसून मामांना दटावत होत्या.

केतकी रूथसिस्टरांकडे वळली.

“मी तर पुढचा पेशंट घेतला असता, सिस्टर. आत्या धापा टाकत इथं आल्या असत्या… कदाचित परत गेल्याच नसत्या.”

रूथसिस्टर उठल्या. तिला खालच्या वॉर्डात घेऊन गेल्या. कोपऱ्यात एक पलंग होता, तिन्ही वेळा आत्या होत्या तोच. चादरीला एक सुरकुती नाही.

“काय दिसतं?”

“काहीच नाही. रिकामा आहे…”

बोलता बोलता केतकी थांबली. आत्या घरी चुलीपुढं होत्या, म्हणून तो रिकामा होता. हात आपोआप जोडले गेले.

रूथसिस्टरांनी तिच्यासाठी स्टूल पुढं सरकवलं.

“बस थोडा वेळ. आणि हळू बोल.”