हौसाचा पट्टा आणि सरकारची मोटार

सरकारचं विजेचं यंत्र बंद पडलं, आणि तेही मुलीच्या लग्नाला पाच दिवस उरलेले असताना!

यंत्र म्हणजे लाकूड कापायची गोल करवत. सरकार म्हणजे संस्थानचे भैरोजीराजे; त्यांनी ती हौसेनं साता समुद्रापलीकडनं आणलेली. धरणाच्या पाण्यावर वीज, आणि विजेवर करवत. पण उन्हाळ्यात धरणात म्हशीलासुद्धा डुंबता येईना, तिथं वीज कुठली? मांडवाचे सागवानी ओंडके तसेच पडून. आणि राजे तर व्याह्यांना आधीच सांगून बसलेले, "आमच्या मांडवाची फळी न् फळी यंत्रानं कापलेली असेल!"

दरबारी सुतार कोंडिबानं हात जोडले. "सरकार, हातकरवतीनं पाडतो फळ्या. दहा माणसं लावतो."

"हातकरवत दिसली तर जप्त करीन!"

"मग यंत्राला बैल जुंपू."

"म्हणजे व्याही म्हणणार, यांचं यंत्र शेण टाकतं! बैल नाही, माणूस नाही. यंत्र यंत्रासारखं फिरलं पाहिजे. गुरुवारपर्यंत फळ्या पडल्या नाहीत तर कोंडिबा, तू गाव सोडायचं!"

आता राजाच तो! त्याच्यापुढं कोण बोलणार? कोंडिबा घरी येऊन मटकन खाली बसला. सात पिढ्या ज्या गावात लाकूड तासलं, ते गाव सुटणार!

त्याची पोरगी हौसा भाकरी थापत होती. वय विशीचं, जीभ चाळिशीची.

"बाबा, करवतीला काय पायजे? कुणीतरी गरागरा फिरवायला पायजे, एवढंच ना?"

"व्हय. पण फिरवणार कोण? बैल न्हाई, माणूस न्हाई."

"वाड्याम्होरं उभं हाय की एक. चारा खात न्हाई, शेण टाकत न्हाई. निस्तं पेट्रोल पितंय."

कोंडिबानं कपाळाला हात लावला. राजाची मोटार! अख्ख्या संस्थानात एकच. तिच्याजवळ शिंकायचीसुद्धा बंदी होती!

पण हौसा गेलीच वाड्यावर. "सरकार, एक दिवस मोटार द्या. फळ्या पाडून देते."

दिवाण दादासाहेब पोट धरून हसले. "अगं खुळे, मोटार गावाला जाते! लाकूड कापत नाही!"

राजे गरजले, "माझी मोटार पायरीपासनं बोटभर हलायची नाही. व्याह्यांना दाखवायला धुऊन ठेवलीय."

"न्हाई हलणार."

"आणि तिच्यात माझ्याशिवाय कुणी बसायचं नाही."

"मग सरकारच बसा की! मी कुठं बसते म्हटलं?"

मोटार चालवायची, पण हलवायची नाही? हा काय प्रकार? राजांना बघायची खाजही सुटली. "बरं, उद्या सकाळी!"

सकाळी करवतीचं यंत्रच बैलगाडीत घालून वाड्याच्या पायरीशी आणलं. केरबा मोच्यानं विहिरीच्या जुन्या मोटेचं कातडं शिवून लांबलचक पट्टा केलेला. हौसानं मोटारीचं मागचं एक चाक जॅक लावून उचललं, त्याचं रबर काढलं, बाकीची चाकं हलू नयेत म्हणून खाली दगड लावले. मग पट्टा उघड्या चाकावरनं घेतला तो थेट करवतीला. राजे मोटारीत चढून बसले.

"सरकार, दाबा!"

राजे चमकले. जन्मात कुणी त्यांना 'दाबा' म्हटलं नव्हतं. पण पेडल दाबलं! मोटार गुरगुरली, चाक फिरलं, पट्टा फटफटला, करवत गरगरली. कोंडिबानं ओंडका पुढं सरकवला तर नुसता धूर! दाते उलटे फिरत होते!

"झालं!" दिवाणांनी टाळी वाजवली. "कोंडिबा, बोचकं बांध!"

कोंडिबानं ओंडका मागं ओढला.

"सरकार, पाय काढा!" हौसा ओरडली. तिनं पट्टा उतरवला, मध्ये एक पीळ दिला आणि परत चढवला. "आता दाबा!"

चाक फिरलं एकीकडं, करवत दुसरीकडं. घर्रर्र! दाते लाकडात शिरले आणि पहिली फळी धाडकन पडली.

मग काय विचारता!

"सरकार, हळू! गाठ आली!"

"सरकार, दाबा की जरा! न्ह्यारी झाली न्हाई का?"

"सरकार, थांबा! मोटारीला तहान लागली, पाणी घालते!"

राजांचा फेटा कधीच उतरला. मिशांवर भुसा चढला. दुपारी जेवायचं बोलावणं आलं तर हुजऱ्यावरच खेकसले, "चल हट! इथं गाठ आलीय!"

दिवस मावळायला फळ्यांचा ढीग हत्तीच्या पाठीएवढा झाला. दिवाणांनी दोरी लावून मोजलं. मोटार बोटभर हलली नव्हती!

राजे खाली उतरले, ढीग बघितला, आणि अंगात हट्ट परत शिरला. "फळ्या कुणी पाडल्या? मी! मोटार माझी, पेट्रोल माझं, पाय माझा. कोंडिबानं काय केलं? तेव्हा कोंडिबा गाव सोडणार!"

हौसानं पदराचा भुसा झटकला.

"खरं हाय सरकार. बाबा, हत्यारांची पेटी सरकारच्या पायाशी ठेव."

"ती कशाला?"

"ज्यानं फळ्या पाडल्या, त्यानंच मांडव उभा करायचा. सुतारआळीची रीतच हाय. उद्या उजाडता रंधा मारा, मग खांब रोवा, मग वर चढा. आमी तर चाललो. लग्नात व्याही इचारतील, नवरीचा बाप कुठाय? तर दिवाणसाहेब सांगतील, मांडवावर बसून खिळं ठोकतोय!"

राजे आधी लाल झाले. मग खांदे हलायला लागले. आणि मग असे हसले, असे हसले की मिशांतला सगळा भुसा दिवाणांच्या नाकात गेला!

"कोंडिबा, पेटी उचल! तू आणि तुझ्या पुढच्या सात पिढ्यांनी इथंच राहायचं! हौसे, तुला काय पाहिजे ते माग."

"सुतारआळीला असलं पेट्रोलचं इंजिन द्या सरकार. मग धरण आटू दे न्हाईतर फुटू दे."

"इंजिन कशाला? अख्खी मोटारच मागवतो!"

"नगं नगं! निस्तं इंजिन. बसायला गादी नसलेलं."

"ते का गं?"

"गादी असली की सरकार येऊन बसतील, आन् काम कुणी केलं त्याचा निवाडा पुन्यांदा करत बसावा लागंल!"

राजे हसून हसून पायरीवरच बसले. त्याच संध्याकाळी मुंबईला तार गेली : "एक इंजिन ताबडतोब पाठवा. बिनगादीचं!"