हैबती पैलवानानं जोजवलेलं गाव

तुमच्या पणजोबांचे पणजोबासुद्धा रांगत नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. वारणेकाठच्या काळंबी गावात हैबती नावाचा पैलवान होता. त्यानं चालत्या गाडीचं चाक धरलं तर बैल जागच्या जागी थांबायचे, असं म्हणतात. ताकदीचा त्याला गर्वही होता, आणि का नसावा?

एका साली गावात तापाची साथ आली. बायकाच जास्त आजारी पडल्या, कारण आजाऱ्यांची उस्तवार त्यांनीच केली होती. हैबतीची बायकोही अंथरुणाला खिळली आणि तान्ही गोजरा रडू लागली. दूध घेईना, झोपेना. रडून रडून तिचा आवाज बसला.

म्हातारी सुईण बायजा म्हणाली, "हैबती, पोरीचा डोळा लागला न्हाई तर ती हाताला लागायची न्हाई. जोजव तिला."

"मी? ते बायकांचं काम हाय!"

"आरं, आया 'जो जो' म्हणत आल्या, म्हणून त्याला जोजवणं म्हणत्यात. तू म्हण की! तुझ्या जिभेला काय काटं हायती?"

हैबतीनं लाजून दार लावून घेतलं. पोरीला दोन्ही तळव्यांवर उचललं. आखाड्यात तो कधी इतका घाबरला नव्हता. "जो जो" म्हटलं, पण पुढे काय? पाळण्याचं एक गाणं येईल तर शपथ! मग येत होतं तेच तो हळूहळू गाऊ लागला, "जो जो ढाक, जो जो कलाजंग, जो जो धोबीपछाड..." कुस्तीच्या डावांची नावं संपायच्या आत गोजरा झोपली. हैबती मात्र ढसाढसा रडला.

मग काय, बायजानं सांगितलं आणि आजारी आयांची गावभरची तान्ही पोरं त्याच्याकडे आली. तालमीच्या तुळईला त्यानं झोळ्या टांगल्या, साऱ्यांच्या दोऱ्या एकत्र वळल्या आणि एकटा ओढत राहिला.

त्याला कुस्ती शिकवणारे वस्ताद कडाडले, "तालमीची अब्रू घालवलीस!"

"वस्ताद, जरा हळू," हैबती म्हणाला. "पोरं उठतील."

त्याच्या आवाजानं गोठ्यातली वासरं पेंगायची, वारणेचा पूरही निवायचा, असं म्हणतात. साथ ओसरेपर्यंत त्यानं डोळ्याला डोळा लागू दिला नाही. एकही पोर दगावलं नाही. बायका बऱ्या होऊन आल्या, तेव्हा वस्तादही मांडीवर एक पोर घेऊन डुलत होते.

इतर गावांत बारशाला पुरुष ओसरीवर बसतात. काळंबीत आजही पाळण्याला पहिला झोका बाप देतो. त्यानं सगळ्यांसमोर "जो जो" म्हटल्याशिवाय आत्या बाळाच्या कानात नाव सांगत नाही. कुणी लाजतो, कुणी नुसतीच दोरी धरून बसतो. बायका थांबतात. त्यांना घाई नसते.