न आलेल्या वादळाची ओटी

वेलदांड्याच्या टोकाला समुद्रात घुसलेला जो काळा कातळ दिसतो, त्याला आम्ही चांगुणेचा कातळ म्हणतो. त्याच्यावर नारळ, तांदूळ, खण, हिरव्या बांगड्या पडलेल्या दिसतील. बघायला येणारी माणसं विचारतात, इथे कोणता नवस फळतो? नवसाचं इथे काही नाही. वादळ येणार असं सांगितलं आणि ते आलंच नाही, की आमच्या बायका इथे ओटी भरतात. आलेल्या वादळासाठी इथे कुणी तांदळाचा दाणाही ठेवत नाही. हसू येतं ना? मी पुढे तांडेल झालो, चार माणसांना होडीवर सांभाळू लागलो, पण लहानपणी मलाही हसू यायचं.

फार जुनी गोष्ट आहे, असं सांगतात. तेव्हा रेडिओ नव्हता, मोबाईलवर येणारा इशारा नव्हता. कोळीवाड्यात चांगुणा नावाची एक बाई होती, हाशा तांडेलाची बायको. पहाटे ती या कातळावर येऊन बसायची आणि पाणी बघायची. वारा पडलेला असताना लांबून, सावकाश, मोठाल्या लाटा येऊ लागल्या की ती सावध व्हायची. कुठेतरी खोल समुद्रात काहीतरी उठलंय, हे तिला कळायचं. मग ती आपलं लाल लुगडं बांबूला बांधून इथे उभं करायची. तो बावटा दिसला की होड्या निघत नसत, निघालेल्या परत फिरत.

पण खोल समुद्रातलं वादळ आपल्याच दारात येईल असं थोडंच असतं? ते कधी वाटेत विरतं, कधी दुसऱ्याच बंदराला जाऊन लागतं. एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर, ऐन पापलेटच्या दिवसांत, चांगुणेने लागोपाठ बावटा लावला आणि दर वेळी आभाळ निरभ्र राहिलं. शेजारच्या गावच्या होड्या भरून आल्या, आमच्या मात्र वाळूवर पडून राहिल्या. बाजारात बायका तिला टोचून बोलू लागल्या. सगळ्यांत पुढे भीमी, पोशा नाखव्याची बायको. ती रिकामी पाटी चांगुणेपुढे उलटी करून दाखवायची म्हणे. हाशाला तर बायकोच्या पदराखाली बसणारा म्हणून चिडवू लागले. बिचारा भला माणूस, पण त्यालाही ते लागलं. त्याने घरी येऊन एवढंच सांगितलं, की यापुढे नक्की असेल तरच बावटा लाव.

नक्की! समुद्राबद्दल नक्की काय असतं हो? पण तिने ते मनावर घेतलं.

पुढच्या अमावास्येला तशाच लाटा आल्या. होड्या निघायच्या तयारीत होत्या. चांगुणा लुगडं हातात घेऊन कातळावर बसून होती. बांधू की नको? बांधलं आणि पुन्हा काही झालं नाही तर? हाशाची होडी तिच्या डोळ्यांदेखत गेली. आपण भित्रे नाही हे दाखवायला तो त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे, खोल पाण्यात गेला. ती बघत राहिली, थांबत राहिली. दुपारी आभाळाचा रंग फिरला, वारा सुटला आणि मग तिला नक्की कळलं. तिने लुगडं उभं केलं. किनाऱ्याजवळच्या होड्यांनी ते पाहिलं आणि त्या वळल्या. पोशाची होडी त्यांतच होती. हाशा फार लांब होता. त्याची होडी आली नाही, होडीवरची माणसंही आली नाहीत.

त्यानंतर चांगुणा कातळावर यायची थांबली. सगळा कोळीवाडा घाबरून गेला. समुद्र शांत असला तरी होडी लोटायला माणसांचे हात धजेनात. शेवटी पाटलासकट सगळे तिच्या दारात गेले आणि परत बस म्हणून विनवू लागले. तेव्हा तिने जे मागितलं, ते आजवर आमच्या तोंडी आहे.

"मी खरी ठरले तर मला कायबी देव नका," ती म्हणाली. "वादळ आलं की माजा शब्द आपोआप खरा. पन वादळ नाय आलं, तर माजी ओटी भरा. नायतर मी परत नक्कीची वाट बघत बसेन."

विधवेची ओटी कशी भरायची? जाणत्यांनी नकाराच्या माना हलवल्या. चांगुणेने वाद घातला नाही. मग बावटा तुम्हीच लावा, म्हणाली आणि दार लोटलं. त्यांनी मान्य केलं, पण मनातून कुणालाच ते पटलं नव्हतं.

काही दिवसांनी तिने लुगडं उभं केलं. होड्या थांबल्या. दिवस गेला, रात्र गेली, झाडाचं पानही हललं नाही. सकाळी चांगुणा कातळावर एकटी बसली होती. कोळीवाड्यातून कुणी येईना. ओटी भरायची तर पहिला हात कुणी पुढे करायचा? मग भीमी आली म्हणे. तिच्या पदरात तांदूळ होते, नारळ होता.

"पाटी रिकामी हाय गो माजी," ती म्हणाली. "पन घो घरान बसून जेवतोय. पदर पसर."

चांगुणेने पदर पसरला, आणि हाशा गेल्यापासून न रडलेली ती बाई तेव्हा रडली.

आजही इशारा फुकट गेला की आमच्या बायका इथे येतात, आणि चांगुणा विधवा होती म्हणून पहिली ओटी विधवेच्या हातून भरली जाते. कालपासून इशारा आहे. होडी कुणी लोटायची नाही, असं मीच पोरांना बजावलंय. समुद्र तर तुम्ही बघताय, पाटासारखा पडलाय, आणि पोरं माझ्यावर जाम उखडली आहेत. म्हातारा घाबरट झाला म्हणतात. झालोय घाबरट, खरं आहे. शेजारच्या गावच्या दोन होड्या पहाटेच गेल्या. माझ्या सुनेने नारळ आणून ठेवलाय. तो उद्या या कातळावर यावा, आमच्यासाठी आणि त्या दोन होड्यांसाठीही. मग पोरांनी मला कितीही हसू दे.