मापट्याची रांग

बाळांनो, चूक आणि फसवणूक यांत अंतर किती, सांगाल?

भांडीही बोलत असत त्या काळी, रानातल्या बाजारात खारूताईचं धान्याचं दुकान होतं. तिचं पितळी मापटं एकदा दगडावर आपटलं, त्याचं बूड आत गेलं आणि त्यात दाणे कमी मावू लागले. खारूताईला पत्ताच नव्हता. आपल्याला मोडीत काढतील या भीतीने मापटं गप्प राहिलं.

महिन्याभराने माप कमी भरतं असा बोभाटा झाला. निवाड्याला बसलेल्या कासवीणआजीने तीन रांगा लावल्या. नकळत घडली ती चूक, लपून उचललं ती चोरी, विश्वासावर लुबाडलं ती फसवणूक. मापटं पटकन पहिल्या, चुकीच्या रांगेत उभं राहिलं.

तेवढ्यात चिमणी पुढे आली. "आजी, मापटेदादा तसे नाहीत हो! दाणे पुरत नाहीत, म्हणून मी तर रोज पिलांनाच खादाड म्हणून टोचते."

मापट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बूड कधी गेलं आत?" आजीने विचारलं.

"मागच्या अमावस्येला."

"आणि तुला कळलं कधी?"

"त्याच दिवशी," मापटं पुटपुटलं.

"मग पडलास ती चूक. त्यानंतरचं काय रे?"

 मापटं खाली बघतच निघालं आणि तिसऱ्या रांगेत जाऊन उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतारपक्ष्याने त्याचं बूड ठोकून सरळ केलं, आणि दुकान उघडण्याआधी मापटं चिमणीच्या घरट्याखाली जाऊन पिलांना म्हणालं, "खादाड तुम्ही नव्हतात."