रिंगणीचे दात

एका राज्यात नकाराला आवाज नव्हता.

माणसे मुकी होती असे नव्हे. बोलत, भांडत, ओव्या गात, एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत. 'हो' म्हटले की खणखणीत ऐकू येई. पण कोणी 'नको' म्हणू गेले की ओठ हलत आणि शब्द घशातच विरून जाई. त्यामुळे पंगतीत जावयाला आठवी पुरणपोळी नाकारता येत नसे, बाजारात सांगेल तो भाव द्यावा लागे, आणि मुलींची लग्ने पहिल्याच बैठकीत जमत. मान हलवून सांगावे म्हणाल, तर सुरुवातीला लोकांनी तेही करून पाहिले. पण ज्याची ऐकायची सवय जाते त्याची बघायचीही जाते. सगळीकडे होकारच होकार, म्हणून त्या राज्याला सुखी राज्य म्हणत. म्हणणाऱ्यांचे काय जाते?

हे आपोआप झाले नव्हते. राजा अभंगसेन तरुणपणी गादीवर बसला, तेव्हा मौनकेतू नावाचा मांत्रिक त्याच्या दारी आला आणि वर माग म्हणाला. राजाजवळ राज्य होते, खजिना होता, राणी पद्मलता होती. मागायची तर अक्कल मागायची. त्याने मागितले, "मला कोणी नाही म्हणू नये."

"तथास्तु," मांत्रिक म्हणाला. "न उमटलेले नकार तेवढे माझे."

नको असलेला केर कोणी आपण होऊन उचलून नेत असेल तर त्याला कशाला अडवा, असा विचार करून राजाने करारावर मुद्रा उठवली. मांत्रिकाने कामात कसूर ठेवली नाही. एका राजासाठी मागितलेला वर त्याने साऱ्या प्रजेवर पसरला. एवढेच की त्याने माणसांची वाणी बांधली आणि जनावरांना विसरला. मोठ्या माणसांचे असे होते.

राजवाड्यात रिंगणी नावाची मांजर होती. राणी पद्मलतेने ती पाळली होती. भुईरिंगणीच्या काट्यांवरून हे नाव का ठेवले ते कळायला एक चावा सोसावा लागे. ती तळहाताएवढी होती तेव्हा दरबारी मंडळी तिच्यासमोर बोटे नाचवीत, ती झेप घेऊन बोट चावे, आणि सारा दरबार पोट धरून हसे. सेनापती तर अंगठा थेट तिच्या तोंडात देई. पुढे दात वाढले. खेळ तोच राहिला, हसणे मात्र थांबले. सेनापतीचा अंगठा सुजला, प्रधानाची पोटरी सोलली गेली, आणि तीच मंडळी तिला चेटकीण म्हणू लागली. तिच्यावर पळी उगारली जाई, पाणी फेकले जाई. मग ती आणखी चावे.

राणीच्या मांडीवर मात्र ती तासन् तास बसे. राजाच्या मांडीवर कधी बसली नाही, आणि हे शल्य राजाच्या मनात होते. पुढे एका वर्षी राणी राजाबरोबर सीमेच्या दौऱ्यावर गेली ती तापाने फणफणतच परत आली, आणि आठवडाभरात गेली. तिच्यामागे राजकन्या शाल्मली उरली आणि रिंगणी उरली.

शाल्मली उपवर झाली. एके दिवशी मौनकेतू भर दरबारात आला आणि त्याने तिला मागणी घातली. राजाने तिच्याकडे पाहिले. ती नाही म्हणाली. तिचे ओठ हलले, ते कोणाला ऐकू आले नाही, आणि चौघड्यावर टिपरी पडली. ती पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा छातीत होते नव्हते तेवढे बळ लावून म्हणाली, आणि आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही याचा तिला असा संताप आला की डोळ्यांतून पाणी आले. आनंदाश्रू, असे प्रधान म्हणाला. मौनकेतूने पुढे होऊन तिचा हात धरला. त्याच क्षणी सिंहासनाखालून रिंगणी निघाली आणि तिने मांत्रिकाच्या मनगटात दात रुतवले.

मौनकेतू रागावला नाही. रक्त पुसत तो म्हणाला, "महाराज, लग्नाआधी या मांजरीचे दात उपटून मला द्यावेत."

राजाने चिमटा आणण्याचा हुकूम सोडला. तेव्हा शाल्मली रिंगणी आणि शिपाई यांच्यामध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "आधी माझे दात काढा, मग तिचे."

हा नकार नव्हता, मागणी होती. म्हणून साऱ्या दरबाराला ऐकू गेली. शिपायाचा चिमटा हातातच राहिला. राजा चिडला, पण राणीच्या मांजरीकडे पाहून थोडा विरघळलाही. तो म्हणाला, "दसऱ्याच्या दरबारात ही मांजर आपल्या पायांनी माझ्या मांडीवर येऊन बसली आणि चावली नाही, तर मागशील ते देईन. चावली, तर तिचे दात आणि तुझा हात, दोन्ही मांत्रिकाचे."

शाल्मली रिंगणीला घेऊन आपल्या महालात आली. म्हणजे रिंगणी पुढे चालली आणि शाल्मली तिच्या मागोमाग. रिंगणीला उचलून घेणारा अजून जन्मायचा होता. महालात गेल्यावर शाल्मलीच्या मनात माया दाटून आली आणि तिने कुरवाळायला हात पुढे केला. रिंगणी चावली. शाल्मलीने हात झटक्याने ओढला आणि कातडी फाटली.

"ओढलास म्हणून फाटली," खिडकीतून कोणी म्हणाले. "पळते त्याला शिकार म्हणतात. दात लागले की हात दगडासारखा ठेवावा."

खिडकीत कोतवाल पक्षी बसला होता, काळाभोर, दुभंगलेल्या शेपटीचा. हा पक्षी घारीलाही टोचून हाकलतो, राजकन्येची भीड तो कशाला ठेवील? राज्यावरचा शाप तो जाणत होता. तो म्हणाला की शाप तुटायला तीन कामे आहेत, आणि तीनही कामे हाताची आहेत.

"पहिले काम सांगा," शाल्मली म्हणाली.

"मांजरीच्या खोलीत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत बस. हात स्वतःच्या मांडीवर ठेव. चावण्याआधी ती काय बोलते ते शिक."

शाल्मली बसली. हात मांडीवर ठेवणे हे किती कठीण काम आहे ते करून पाहणाऱ्यालाच ठाऊक. दासी येत, जात, मांजरीला हात लावू पाहत, आणि शाल्मली पाहत राही. आधी शेपटीचे टोक हले. मग शेपटी जमिनीवर आपटू लागे. मग पाठीवरची कातडी थरथरे, कान आडवे होत, डोळ्यांतले काळे मोठे होई. इतके सगळे बोलून झाल्यावर, कोणीच ऐकत नाही असे पाहून, रिंगणी चावे. शाल्मलीला रडू कोसळले. ही मांजर दुष्ट नव्हती. बिचारी दिवसभर नको नको म्हणत होती, आणि तिचा नकार तर कोणी बांधलाही नव्हता.

संध्याकाळी रिंगणी आपण होऊन आली, तिच्या गुडघ्याला कपाळ घासून निघून गेली. पहिले काम झाले.

"दुसरे," कोतवाल म्हणाला. "माणसाचा हात ही शिकार, असे तुम्हीच तिला लहानपणी शिकवलेत. आता तिला दुसरी शिकार द्या. उलट्या डोंगरावरच्या गरुडाचे पीस आण. तेही त्याला विचारून आण."

उलटा डोंगर शिखरावर उभा होता आणि पायथा आभाळात होता, म्हणून चढणाऱ्याला उतरावे लागे. शाल्मली उतरत उतरत वर पोचली. तिथे म्हातारा गरुड बसला होता. तिने नमस्कार करून पीस मागितले.

"नको," गरुड म्हणाला.

शाल्मली जागच्या जागी थबकली. हा शब्द तिने जन्मात कधी ऐकला नव्हता. इतका छोटा, इतका साधा शब्द. गरुड झोपाळला होता, पीस हाताच्या अंतरावर होते, दसरा उद्यावर आला होता, आणि उपटून घेतले असते तर पाहणारे कोणी नव्हते. तिचा हात वळवळलाही. पण नको म्हणजे काय ते ती कालच शिकली होती. ती मागे सरली आणि दूर जाऊन बसली. दुपारी पुन्हा विचारले, गरुड पुन्हा नको म्हणाला, ती पुन्हा मागे सरली. उन्हे कलली तेव्हा गरुडाने आपणच पंख झाडले आणि एक पीस तिच्या पुढ्यात पडले.

"दोनदा मागे गेलीस," तो म्हणाला. "आजवर जो आला तो ओरबाडायलाच आला. आता खाली बघून जा."

खाली गुहेत मौनकेतूचा खजिना होता. गुहाभर हंडे, तोंडे लाखेने बंद, आणि प्रत्येकावर राजा अभंगसेनाची मुद्रा. शाल्मलीने एका हंड्याला कान लावला. आत बारीक कुजबुज चालू होती, भिंतीपलीकडे बायका बोलाव्यात तशी. तिने दगड घेऊन हंड्यावर घातला, आणि दगडाचाच भुगा झाला.

परत आल्यावर तिने कोतवालाला तिसरे काम विचारले.

"ते तुझे नाही," पक्षी म्हणाला. "ज्याने वर मागितला त्याने एक नकार पाहून आपला हात मागे घ्यायचा. तेव्हा मुद्रा फुटतील. शापाचे त्याला सांगायचे नाही. भीतीने घेतलेला हात मोजत नाहीत."

दसऱ्याचा दरबार भरला. शाल्मलीने आधीच सांगून चौघडा बंद ठेवला होता, रिंगणीला लपायला कोपऱ्यात एक वेताची पाटी एका बाजूने उचलून पालथी घातली होती, आणि राजाला सिंहासनावरून उतरवून खाली गालिच्यावर बसवले होते. सेनापतीला हसू आवरेना. शाल्मलीने गरुडाचे पीस दोरीला बांधले आणि जमिनीवरून ओढत नेले. पाटीखालून दोन डोळे दिसले, मग रिंगणी झेपावली. तिने पीस पकडले, सोडले, उड्या मारल्या, भर दरबारात लोळली, आणि मनसोक्त शिकार करून दमली. शाल्मलीने तिला मासळीचा तुकडा दिला. तो खाऊन, मिशा पुसून, तिने दरबारावर एक नजर टाकली आणि राजाच्या मांडीवर जाऊन बसली.

इतक्या वर्षांची इच्छा त्याच्या मांडीवर ऊब देत बसली होती. त्याने पाठीवरून हात फिरवला. रिंगणी सुखाने घुरघुरू लागली. त्याने पुन्हा फिरवला. पुन्हा फिरवला. शेपटीचे टोक हलले.

शाल्मलीने ते पाहिले. धावत जाऊन बापाचा हात धरावा असे तिला वाटले. तिने आपले हात मांडीवर दाबून धरले. "महाराज," ती म्हणाली, "शेपटीकडे पाहा."

"महाराज, आपल्याला कोण अडवणार?" मौनकेतू म्हणाला. "हात राहू द्या."

शेपटी आपटू लागली. कान आडवे झाले. राजाने आधी मांत्रिकाकडे पाहिले, मग मुलीकडे. दात आवळून, हात मांडीवर रोवून, डोळ्यांत पाणी आणून ती बसली होती. मागणीच्या दिवशी ती अशीच उभी होती, हे त्याला आठवले. त्या दिवशी त्याने पाहिले होते आणि बघितले नव्हते. मग त्याने मांजरीकडे पाहिले, आणि हळूच, जन्मात पहिल्यांदा, हात मागे घेतला.

रिंगणीची शेपटी शांत झाली. दूर उलट्या डोंगराकडे काही तडकल्याचा आवाज झाला, एकामागून एक, हजारो.

शाल्मली उभी राहिली. "नाही," ती म्हणाली. तो आवाज खांबाखांबावर आपटून परत आला, आणि तो परत आलेला ऐकून ती पुन्हा म्हणाली, "मी या माणसाशी लग्न करणार नाही."

मौनकेतूने ओळखले की सगळा डाव या दातांनी घालवला. ते तरी उपटून न्यावेत म्हणून त्याने रिंगणीच्या जबड्याकडे हात घातला. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. रिंगणी चावली, आणि या खेपेस तिला कोणी रागावले नाही. मांत्रिक हात झाडत पळाला. वाटेत त्याने ज्या ज्या दारी मुक्काम मागितला तिथे लोकांनी त्याला पाणी दिले आणि जागा नाकारली. बरीच वर्षे साठलेली हौस होती ती.

तेवढ्यात हंड्यांतले आवाज वाऱ्यावरून शहरात आले. "पुरे, आता पोट फुटेल." "या भावात परवडत नाही." "मला हा नवरा पसंत नाही." "मला लढाईला जायचे नाही, माझी आई एकटी आहे." माणसे रस्त्यांत उभी राहून आपापले जुने आवाज ओळखू लागली. कोणी हसले, कोणी भिंतीला टेकून बसले. सगळ्यांत शेवटी एक थकलेला आवाज दरबारात शिरला.

"मला ताप आहे. या वेळी मला दौऱ्यावर नेऊ नका."

राजाने तो ओळखला. शाल्मलीनेही ओळखला.

"मला ऐकू आले असते," राजा म्हणाला, "तर मी तिला नेलेच नसते."

हो म्हटले असते तर म्हाताऱ्याला बरे वाटले असते. शाल्मलीला त्याची कीव आली, आणि रागही आला, आणि तिने दोन्ही लपवली नाहीत.

"नाही, तात," ती म्हणाली. "ऐकू येऊ नये हे तुम्हीच मागितले होते."

राजाने मान खाली घातली. रिंगणी त्याच्या मांडीवरून गेली नव्हती. तिने अंग वळवले आणि पुन्हा बसली. राजाने दोन्ही हात गालिच्यावर ठेवले आणि तिने आपण होऊन डोके पुढे करेपर्यंत ते तिथेच ठेवले.

पुढे त्या राज्यात भांडणे वाढली, लग्ने जमायला वेळ लागू लागला आणि जावई सडपातळ झाले. रिंगणीचे दात तिच्या तोंडात राहिले, शाल्मलीचा हात शाल्मलीजवळ राहिला. नवा प्रधान नेमला की त्याला आधी मांजरीसमोर बसवत आणि शेपटी वाचायला शिकवत.

ज्यांनी ही कथा ऐकली त्यांचे भले होवो. ज्यांना ऐकायची नव्हती त्यांचेही भले होवो. त्यांनी नको म्हटले आणि आम्ही थांबलो.